डाव्या बाजूचा चोक

सोमकुवर काकांना कोणी ‘जय भीम’ घातला, की ते ‘जय भीम’ म्हणत आणि त्याच दमात विचारत, “बॉनेट उघडू काय?” पाहुणा असो, दूधवाला असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं कोणी असो, काकांच्या दारात आलेला माणूस बॉनेटखाली डोकं घातल्याशिवाय सुटत नसे. मी तर त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पांढुर्ण्यात माझ्या ओळखीची माणसं फार नाहीत, पण त्या गाडीचा एकेक नट मला तोंडपाठ आहे.

काका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. कोणत्या मोहल्ल्याला कधी पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात. अर्ध्या गावाची आंघोळ आपल्या मनगटावर चालते म्हटल्यावर नम्रपणाची सवय लागायचं काही कारण नव्हतं, आणि ती लागलीही नाही. निवृत्त झाल्यावर वॉल फिरवायची लोखंडी चावी त्यांच्याजवळच राहिली. कमरेएवढी लांब, वर आडवी मूठ. ती परत मागायची कोणाची छाती झाली नाही. तीच टेकत ते गावभर फिरत.

जमिनीखालचा पाइप कुठे गळतो ते ओळखायला चावीचं टोक पाइपवर ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही वॉलमन लोकांची जुनी रीत. काकांनी ती साऱ्या सृष्टीला लावली. पिठाची गिरणी, कूलर, स्टँडवर उभी असलेली बस, सगळ्यांना चावी लावून ते डोळे मिटत आणि निकाल देत. निकाल बहुधा एकच असे, “बेअरिंग गेली.”

एकदा आमचा फ्रिज घुरघुरायला लागला. काकांनी चावी लावली, डोळे मिटले आणि निकाल दिला. फ्रिज सरकवला तर मागे उंदराचं बिऱ्हाड निघालं. मी हसलो. काका जराही न लाजता म्हणाले, “तं मी काय म्हटलं? बेअरिंगच होती. आता ते उंदराच्या रूपात होती, त्याले मी काय करू?”

त्यांना उत्तर देऊ शकणारं एकच माणूस गावात होतं, ते म्हणजे त्यांची बायको. शकुंतलाबाई तिगावच्या शाळेत शिकवत असत, म्हणून सगळं गाव त्यांना मॅडम म्हणे आणि काकाही मॅडमच म्हणत. मॅडम मूळच्या सावरगावच्या, म्हणजे जाम नदीच्या पलीकडच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं दोन काठांवर उभी राहून एकमेकांवर गोटे मारतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडमनी आयुष्यात दगड उचलला नसेल, पण नेम मात्र माहेरून आणला होता. काका भाषण ठोकत असले, की त्या स्वयंपाकघरातून एकच वाक्य फेकत आणि काका खाली बसत.

गाडीसुद्धा मॅडमचीच. छोटी, पांढरी, जुनी. पन्नाशीत त्या चालवायला शिकल्या. काकांनीही शिकून पाहिलं होतं, पण पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी नेऊन घातली ती मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळावर. तो नळ त्यांनीच बसवला होता. पाण्याचा फवारा उडाला, मोहल्ल्यातली पोरं नाचली, आणि तेव्हापासून काका कायमचे डाव्या सीटवर गेले. मॅडम निवृत्त झाल्या तरी दर दोन दिवसांनी तिगावच्या विहारात मुलांची शिकवणी घ्यायला जात. शेजारी काका, मांडीत चावी.

ही गाडी एका सकाळी सावरगावच्या पुलावर बंद पडली आणि पुन्हा सुरू झालीच नाही.

शोरूमवाल्यांनी तपासून सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, पण त्याचा कॉम्प्युटर गेला. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं डाव्या सीटच्या पुढे, पायाजवळ बसवलेला एक डब्बा ठरवत होता. तो डब्बा आता मिळत नाही, गाडी भंगारात द्या, म्हणाले. मुलगा मिलिंद पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं फोनवर हिशेब स्पष्ट मांडला. “आईची नोकरी संपली, आता गाडीपण संपली. रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचं झालं तर काय कराल? मी थंडीत येतोय. तोवर गाडी नीट झाली नसेल तर दोघांनी माझ्याबरोबर पुण्याला चलायचं.”

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकांना गोटा मारला नाही. नुसत्या म्हणाल्या, “मला नाही जायचं जी. तिथं बाराव्या मजल्यावर मी काय करू? तिगावची पोरं कोण शिकवणार?”

काकांनी चावी उचलली.

डब्ब्यावर त्यांचा राग जुनाच होता. विहारातल्या वंदनेत दर रविवारी एक शब्द येतो, एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. काकांनी पूर्ण धम्मातून हा एक शब्द उचलून बॉनेटला लावला होता. “धम्म म्हणते, या अन् पाहा,” ते मला सांगत, “अन् हा डब्बा म्हणते, हात लावू नको. मंग कोणाचं आयकाव? जे उघडून पाहाता येत नाही, त्याच्यावर भरोसा कायले ठेवू मी?”

त्यांचा बेत साधा होता. हेच इंजिन त्याच्या आधीच्या जमान्यात डब्ब्याशिवाय, कार्बोरेटरवर चालत असे. तेव्हा जुनी वस्तू आणायची आणि नवी काढून टाकायची. नागपूरच्या कबाड्याकडून त्यांनी जुन्या गाडीचा कार्बोरेटर, तो बसवायची नळकांडी आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असा संसार पोत्यात घालून बसनं आणला. कंडक्टरलाही त्यांनी पोतं उघडून दाखवलं होतं, असं कळलं.

गफ्फार मिस्त्रीनं सगळं बसवून दिलं, पण पंपाची गोष्ट निघाली तेव्हा काकांनी त्याला गप्प केलं. “पंपाचं मले नको सांगू. माही जिंदगी गेली पंपावर.” टाकीतला मूळ पंप तसाच ठेवून त्यांनी तो कार्बोरेटरला जोडायला लावला. मॅडमनी किल्ली फिरवली मात्र, कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचं कारंजं उडालं. गफ्फारनं तारा उपटल्या म्हणून आमची गल्ली वाचली.

“काकाजी, याले टपटप पाह्यजे,” गफ्फार कपाळ पुसत म्हणाला, “तुमचा पंप तं पिचकारी मारून राहिला. तो डब्ब्यावाल्या इंजिनचा पंप आहे, त्याचं प्रेशर भल्लं असते.”

“तेच तं मी कवाचा सांगून राहिलो,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी जे केलं ते फक्त वॉलमनच करू शकतो. त्यांचं म्हणणं, पाणी असो का पेट्रोल, ते वरून खाली येते, मग पंप हवा कशाला? गावाला पाणी देते ती टाकी उंचावरच असते ना? त्यांनी गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर पेट्रोलची एक कॅन आडवी बांधली, खाली नळी सोडली आणि मध्ये चक्क एक तोटी बसवली. गंमत म्हणजे गाडी सुरू झाली! छान, लयीत, एकसारखी. काका चावी कानाला लावून इंजिनाभोवती फिरले आणि सगळ्या गल्लीला ओरडून म्हणाले, “एहिपस्सिको! या, पाहा!”

मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं, किल्ली काढून कमरेला खोचली.

“डोक्यावर पेट्रोल अन् बाजूला तुम्ही,” त्या म्हणाल्या. “एका गाडीत दोन भडके मी घेऊन जाणार नाही.”

काका खाली बसले. गफ्फारनं कमी दाबाचा छोटासा पंप आणून बसवला आणि गाडी कुठलाही चमत्कार न करता चालू लागली. काकांनी बाजूचा स्क्रू इतक्या वेळा कमी-जास्त केला की धूर तपासणाऱ्याच्या यंत्रानंही अखेर हरकत घेतली नाही. पुढे गावात सांगताना या कहाणीतून गफ्फारही गेला आणि कॅनही गेली, राहिले एकटे काका. गफ्फार स्वतः ते समोर बसून ऐके आणि मान डोलवी. काकांशी वाद घालण्यापेक्षा चहा पिणं त्याला परवडत असे.

राहिला चोक. कार्बोरेटरचं इंजिन गार असताना सहज सुरू होत नाही, त्याची हवा थोडी कोंडावी लागते. त्यासाठी एक खुंटी असते. ती ओढायची, इंजिन सुरू झालं की तापेल तशी हळूहळू आत ढकलायची. ही खुंटी जगात सगळीकडे चालवणाऱ्याच्या हाताशी असते. काकांनी ती डाव्या बाजूला, स्वतःच्या गुडघ्यासमोर बसवून घेतली.

“काहून जी?” गफ्फारनं विचारलं.

“गाडी मॅडमची. स्टीअरिंग मॅडमचं. हॉर्न मॅडमचा. मी काय नुसतं पार्सल म्हणून जाऊ?”

तेव्हापासून आमच्या गल्लीची सकाळ अशी होऊ लागली. मॅडम म्हणत, “ओढा जी.” काका ओढत. इंजिन धडधडे. “अर्धा सोडा.” काका सोडत. “आता पूर्ण.” काका पूर्ण सोडत आणि मान ताठ करून बसत. मला तर वाटे, लग्नापासून मॅडमनी त्यांना जे काही सांगितलं असेल, त्यात एवढंच त्यांनी बिनतक्रार ऐकलं.

थंडीत मिलिंद आला. आता खरी पंचाईत होती. त्याला फोनवर सांगितलं होतं की कॉम्प्युटर दुरुस्त झाला. हे काकांनीच सांगितलं होतं. कबाड्याचं सामान घातलं म्हटलं असतं तर पोरानं दुसऱ्या दिवशीच तिकिटं काढली असती, असं त्यांचं समर्थन. म्हणून मेलेला डब्बा आपल्या जागी परत बसला. आतलं सगळं काढून काकांनी वर हिरवा दिवा लावला होता, किल्ली फिरवली की तो लागे. रिकाम्या डब्ब्यात मॅडमनी बडीशेप भरून ठेवली. जागा वाया घालवणं त्यांना आवडत नसे.

मिलिंदनं परीक्षा ठरवली. लोधीखेड्याला मावशीकडे जेवायला जायचं, सौसरवरून, आणि परत यायचं. चालवणार तो. गाडी रस्त्यात कुठे थांबली नाही तर पुण्याचा विषय बंद. मला काकांनी मागे बसवलं. “साक्षीदार पाह्यजे,” म्हणाले. चोकच्या खुंटीवर एक टॉवेल टाकलेला होता.

मिलिंदनं किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. काकांना त्याच क्षणी खोकल्याची अशी उबळ आली की ते टॉवेलावर ओणवे झाले. गाडी सुरू झाली. पुढे थोड्या थोड्या वेळानं ते टॉवेलात तोंड घालून खोकत, आणि दर खोकल्यासरशी खुंटी थोडी आत जाई.

“बाबा, डॉक्टरला दाखवलं का?”

“धूळ आहे बावा. तू समोर पाह्य.”

“पेट्रोलचा वास येतोय.”

“संत्र्याच्या ट्रकचा आहे.”

माझ्या शेजारी मॅडम पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. खांदे हलत होते.

सौसर गेलं, लोधीखेडा आलं. मावशीकडे पाटवडीचा रस्सा होता. काकांनी विजयाच्या आनंदात इतका ओरपला की जेवण होताच ओसरीवर त्यांची समाधी लागली. गाडी दुपारभर सावलीत उभी राहून गार पडली. निघायची वेळ झाली तेव्हा मिलिंद गाडी वळवून ठेवायला एकटाच बाहेर गेला.

किल्ली फिरल्याचा आवाज आला. पुन्हा आला. पुन्हा. गाडी नुसती कण्हत होती. काका झोपेतून उडाले आणि एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मावशीची, असे धावले. आम्ही पोहोचलो तोवर मिलिंदनं टॉवेल उचलला होता.

“बाबा, हे काय आहे?”

“टॉवेल.”

“टॉवेलच्या खाली.”

“खुंटी आहे. टॉवेल टांगाची.”

मिलिंदनं खुंटी ओढली. ती लांबच लांब बाहेर आली. मग त्यानं खाली वाकून हिरव्या दिव्याचा डब्बा उघडला आणि त्याच्या पायांवर बडीशेप सांडली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, साक्षीदार मावशीच्या जास्वंदीकडे पाहत होता. शेवटी मॅडमच बोलल्या.

“उघडा आता ते बॉनेट. साऱ्या जगाले एहिपस्सिको सांगता, अन् पोटच्या पोरापासून टॉवेलानं झाकून राहिले! मीपण झाकलं, माझंपण चुकलं. दाखवा त्याले.”

काकांनी बॉनेट उघडलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते मान खाली घालून उघडलं. हा कार्बोरेटर, हा पंप, हा डिस्ट्रिब्युटर. एवढंच नाही, कारंजंही सांगितलं, टपावरची कॅनही सांगितली आणि पंप गफ्फारनं आणला हेही सांगितलं. ते माझ्या कानांनी ऐकलं म्हणून लिहितो आहे.

मिलिंद बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्यानं पायांवरची चिमूटभर बडीशेप झटकली, डब्ब्यातली उरलेली तोंडात टाकली आणि किल्ली आईच्या हातात दिली. “तू चालव आई. मला मागे बसून बघायचंय.”

“ओढा जी,” मॅडम म्हणाल्या. काकांनी ओढला. लोधीखेड्याहून पांढुर्ण्यापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. ‘अर्धा’, ‘आता पूर्ण’, ‘समोर म्हैस आहे जी’, ‘दिसून राहिली मले’, असं दोघांचं चाललं होतं आणि मिलिंद माझ्या शेजारी बसून ऐकत होता. घरी उतरल्यावर तो म्हणाला, “पुण्याचा विषय बंद. पण बाबा, चोक तुमच्या बाजूला का? आईला कधी एकटीला जायचं झालं तर?”

“एकटी कायले जाईल?” काका गरजले. “मी मेलो काय?”

आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

पुढच्या थंडीत काकांना तो खोकला खरोखरच लागला. टॉवेलात तोंड घालून खोकायचे तेव्हा आम्हाला जुनी आठवण येऊन हसू यायचं आणि मग यायचं बंद झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले. परत आल्यावर एका दुपारी काकांनी मला अंगणात बोलावलं. चावीचं टोक स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मूठ माझ्याकडे केली. “आयक.”

मी कान लावला. लोखंड थंड होतं, बाकी मला काही कळलं नाही. मी म्हटलं, “चालू आहे काका. एकदम बराबर.”

“झूट नको बोलू,” ते हसून म्हणाले. “बेअरिंग गेली. आता तं उंदीरपण नाही.” मला त्या वेळी हसता आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

त्यानंतर काही दिवसांनी मॅडम बाजारात गेल्या असताना मला गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसले. काका स्टीअरिंगखाली उताणे पडून काहीतरी करत होते. मधून मधून खोकण्यासाठी थांबत होते. गफ्फारला बोलावू का, असं मी विचारलं.

“कायले? हे त्याच्या समजण्यातलं काम नाही.” थोड्या वेळानं ते धापा टाकत बाहेर आले. चोकची तार त्यांनी डावीकडून काढून उजवीकडे, मॅडमच्या हाताशी नेली होती. तिथे नवी खुंटी होती. डावीकडची जुनी खुंटी मात्र जागच्या जागी होती.

“अन् हे?” मी विचारलं.

“राहू दे. काढली तं भोक दिसते,” ते म्हणाले. “मॅडमले सांगीन की हा नवा वाला स्पेअर आहे. तू काही बोलू नको.”

मी बोललो नाही. पण दुसऱ्याच दिवशी मॅडमनी भिंतीवरून मला हाक मारली. “स्पेअर म्हणे!” त्या म्हणाल्या. “मी साऱ्या जिंदगीत पोरांचे बहाणे ऐकले. मला समजत नाही काय?” डोळे भरले होते, पण नेम तोच होता. “तुम्हीपण काही बोलू नका. मला पटलं, असं त्यांना वाटू द्या.”

काका गेले ते लगेचच्या उन्हाळ्यात. मॅडम आजही तिगावला जातात, एकट्या, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. गफ्फार एकदा डावीकडची बिनकामाची खुंटी काढून द्यायला आला होता, मॅडमनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मला काका आठवतात ते मात्र ती शेवटची थंडी सरताना दिसलेले. मी फाटकाशी दात घासत उभा होतो. मॅडमनी त्यांना हाताला धरून डाव्या सीटवर बसवलं, त्यांची चावी मांडीत दिली आणि वळसा घालून स्टीअरिंगवर येऊन बसल्या.

“ओढा जी.”

काकांनी तार नसलेली खुंटी झोकात ओढली. त्याच वेळी मॅडमचा उजवा हात गुपचूप स्टीअरिंगखाली गेला. काकांना तो दिसला. त्यांनी लगेच खिडकीबाहेर माझ्याकडे तोंड फिरवलं आणि एक डोळा मिचकावला. इंजिन सुरू झालं.

“पाहा मॅडम, माह्याबिगर चालू होते काय तुमची गाडी?”

“नाही जी,” मॅडम म्हणाल्या. “आता सोडा. हळूहळू.”

काकांनी खुंटी हळूहळू आत ढकलली.